कयाकच्या सांगाड्याचे सांधे पुन्हा पुन्हा सैल होतायत? दोरी आवळायच्या आधी हे बघा

आधी प्रॉब्लेम सांगतो. ग्रीनलँड पद्धतीच्या कयाकचा, म्हणजे एका माणसाने वल्हवायच्या अरुंद बोटीचा, लाकडी सांगाडा बांधून झाला, सगळे सांधे दोरीने करकचून आवळले, त्या रात्री उचलून बघितला तर एकदम टणक, एका बाजूला हात लावला तर दुसरं टोक सोबत हलायचं. आणि दोन आठवड्यांनी त्याच सांगाड्याचं पुढचं टोक नुसतं वीतभर उचललं तर आतून कुई कुई आवाज. वाकून बघितलं, दोरीखाली नख घातलं, नख सरळ आत गेलं. सगळं सोडून परत बांधलं. तीन आठवड्यांनी परत तेच. मग जाड दोरी आणली, परत बांधलं, परत सैल. चौथ्या वेळेला बांधायच्या आधी मात्र थांबलो, आणि तेव्हा कळलं की मी तीन वेळा दोरीवर राग काढत होतो आणि दोरीचा त्यात फारसा दोषच नव्हता. हे इतकं सविस्तर लिहितोय कारण हा प्रॉब्लेम हा सांगाडा बांधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला येतो आणि बहुतेक जण "अजून घट्ट ओढ" एवढंच सांगतात.

मी डेन्मार्कमध्ये राहतो, रोस्किल्ड फिओर्डच्या (समुद्राच्या लांबट खाडीच्या) काठाला आमचा छोटासा कयाक क्लब आहे, त्याच्या शेडमध्ये हिवाळाभर हे काम चालतं. इथे ग्रीनलँडची माणसं भेटतात, ग्रीनलँडचे जुने कयाक म्युझियममध्ये जवळून बघता येतात, त्यामुळे ही पद्धत शिकायला यापेक्षा बरी जागा मिळणं अवघड. घरच्यांना फोटो पाठवले तर पहिला प्रश्न हाच, खिळे नाहीत, फेविकॉल नाही, मग हे समुद्रात टिकणार कसं? त्यांना मी गोव्यात बांधलेल्या आयएनएसव्ही कौंडिण्यचं उदाहरण दिलं, अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून बांधलेलं, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, २०२५ मध्ये नौदलात दाखल झालं. पद्धत पूर्ण वेगळी आहे, तिथे फळ्या एकमेकींना शिवतात आणि इथे सांगाडा बांधून त्यावर कातडं (किंवा त्याच्याऐवजी कापड) चढवतात, पण दोरीने बांधलेलं लाकूड समुद्रात चालतं हे पटायला तेवढं पुरलं.

ज्यांनी हा सांगाडा बघितलाच नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. वर दोन लांब पट्ट्या, मी त्यांना काठपट्ट्या म्हणतो, दोन्ही टोकांना एकत्र येणाऱ्या. त्यांच्यामध्ये आडव्या तुळया, कुसू काढून खोबणीत बसवलेल्या आणि लाकडी खुंटीने अडकवलेल्या. बसायच्या जागेच्या लगेच पुढे, मांड्यांच्या वर एक वाकडी तुळई असते तिला मासिक म्हणतात, शब्द ग्रीनलँडचाच आहे, आपल्या दिवाळी अंकाशी संबंध नाही. काठपट्ट्यांच्या खालच्या अंगाला खाचा, त्यात वाफेवर वाकवलेल्या फासळ्यांची टोकं. फासळ्यांच्या बाहेरून, म्हणजे फासळी आणि कातडं यांच्यामध्ये, मधोमध तळपट्टी आणि दोन बाजूंना दोन बगलपट्ट्या, आणि त्या प्रत्येक फासळीला दोरीने बांधलेल्या. माझ्या कयाकला २२ फासळ्या आहेत, प्रत्येकीवर तीन सांधे, म्हणजे ६६ बांधण्या. ६६ ठिकाणी चार चार वेळा दोरी ओढलीय, तळहाताला घट्टे पडलेत.

मापं सगळी अंगावरून घेतात. लांबी साधारण तीन वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून तिप्पट, रुंदी कंबरेइतकी आणि वर दोन मुठी. माझा वाव १ मीटर ६८ सेंटीमीटर, म्हणजे कयाक पाच मीटरच्या थोडा वर. ग्रीनलँडला लाकूड उगवत नाही म्हटलं तरी चालेल, सैबेरियाच्या नद्यांतून वाहत आलेले ओंडके समुद्राच्या बर्फाबरोबर तरंगत तरंगत किनाऱ्याला लागायचे, त्यातूनच हे सगळं काढायचं. ओंडका जसा मिळेल तसा, त्यामुळे छोट्या छोट्या तुकड्यांतून पूर्ण बोट उभी करायची आणि ती लाटेवर थोडी वाकली पाहिजे, मोडता कामा नये, हा सगळा विचार त्या सांध्यांमध्ये आहे. म्हणून सांधा "सैल" आणि सांधा "हलता" यात फरक आहे हे आधी डोक्यात पक्कं करा. हलता सांधा चांगला. दोन लाकडांमध्ये जागा पडलेला सांधा वाईट.

आता मुख्य गोष्ट. बांधण्या सोडायच्या आधी सगळ्या बांधण्यांना टिचकी मारून बघा. खरंच सांगतो, एवढं एक आधी केलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. तंबोऱ्याची तार छेडावी तशी प्रत्येक दोरी बोटाने छेडायची. ताणलेली दोरी टुण्ण वाजते, सैल झालेली थप्प. जी थप्प वाजेल तिथे लाकडावर खडूने फुली. ६६ सांध्यांना वीस मिनिटंही लागत नाहीत. मग चार पावलं मागे जाऊन नुसत्या फुल्या बघायच्या, कुठे आहेत, कशा पसरल्यात. फुल्या सगळीकडे सारख्या असतील तर लाकूड सुकलंय. एकाच बाजूला असतील तर सांगाड्याला पीळ आहे. फक्त टोकांकडे असतील तर पट्टी जबरदस्तीने वाकवून बांधलीय. आणि मधेच कुठेतरी एखादी, काही हिशोबच नाही अशा असतील तर तिथे तुमची बांधणी कच्ची पडलीय. चारही प्रकारांना उपाय वेगळा आहे, आणि सगळ्यांवर "परत आवळणं" हा उपाय केला की दोन-तीन आठवडे बरं वाटतं आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

पहिला प्रकार सगळ्यात जास्त वेळा होतो म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. फासळ्या वाकवायच्या आधी आपण त्या पाण्यात भिजवतो, मग वाफेत घालतो, म्हणजे खाचेत बसवतो तेव्हा त्या चांगल्याच ओल्या असतात. उत्साह इतका असतो की दुसऱ्या दिवशी लगेच तळपट्टी लावून बांधायला घेतो. मी तेच केलं. आता लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ अजिबात आकसत नाही, पण जाडी-रुंदीत आकसतं, आणि खोडातल्या वर्षांच्या कड्यांना (वलयांना) धरून जेवढं आकसतं ते कड्यांना आडवं आकसतं त्याच्या दीड ते दोन पट असतं. माझ्या फासळ्या ॲश नावाच्या लाकडाच्या. ॲश पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत एका दिशेने साधारण ५ टक्के आणि दुसऱ्या दिशेने ८ टक्क्यांच्या आसपास आकसतं. पूर्ण कोरडं तर आपल्याकडे होत नाही, पण हिवाळ्यात शेडमध्ये हीटर चालू, आतल्या हवेत आर्द्रता ३०-३५ टक्के, अशा हवेत लाकडातलं पाणी हळूहळू ७ टक्क्यांपर्यंत खाली येतं. म्हणजे फासळीची ७ मिलिमीटर जाडी आणि वेढ्यात सापडलेला पाइनच्या पट्टीचा भाग मिळून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आकसणार. अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण दोरीचा वेढा दोन्ही अंगांनी जातो, म्हणजे प्रत्येक वेढ्यात जवळपास एक मिलिमीटर दोरी जास्त झाली, आणि आपण दात-ओठ खाऊन जो ताण दोरीत भरलेला असतो तो बराचसा त्या एका मिलिमीटरमध्येच होता. गाठ तशीच आहे, दोरी तशीच आहे, आतलं लाकूड बारीक झालंय.

आमच्या गावाकडे, साताऱ्याच्या बाजूला, उन्हाळ्यात बैलगाडीची चाकं अशीच खुळखुळी व्हायची, लाकूड आकसून लोखंडी धाव सैल पडायची, मग आजोबा चाकं ओढ्यात भिजत टाकायचे. तीच गोष्ट आहे ही, इतकी वर्षं डोळ्यासमोर बघितलेली, आणि कयाक बांधताना आठवली नाही.

उपाय म्हणजे थांबणं. फासळ्या वाकवा, खाचेत बसवा, तळपट्टी आणि बगलपट्ट्या सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी तात्पुरत्या बांधा, रबर असल्यामुळे लाकूड आकसलं तरी ते धरून राहतं. आणि मग सुकू द्या. किती दिवस? दिवस मोजू नका, वजन करा. वाकवताना एखादी फासळी मोडतेच, तिचा पाऊण मीटरचा तुकडा मी सांगाड्याशेजारीच टांगून ठेवला आणि रोज किचनच्या वजनकाट्यावर ठेवायचो. पहिल्या दिवशी ८४ ग्रॅम, आठवड्याने ७५, बाराव्या दिवशी ७१, आणि त्यानंतर चार दिवस ७१ च. वजन उतरायचं थांबलं की फासळ्या सुकल्या. त्याच्या आधी कायमची बांधणी करायची नाही म्हणजे नाही. एक बारीक गोष्ट अजून, हीटरसमोर अगदी कडकडीत सुकलेल्या अवस्थेतही बांधू नका. उन्हाळ्यात कयाक पाण्याजवळ आला की लाकूड परत १५ टक्क्यांपर्यंत पाणी पितं, फुगतं, पाइन मऊ असल्यामुळे दोरी त्यात रुतते आणि पुढच्या हिवाळ्यात त्या रुतलेल्या चरीमुळे परत ढिलाई. मी हीटर बंद करून दारं उघडी ठेवून आठवडाभर थांबलो आणि मग बांधलं. थोडं सुकंच असू दे, पण कडकडीत नको.

दुसरा प्रकार, फुल्या एकाच बाजूला. माझा खरा रोग हा होता, पण पहिल्या प्रकाराच्या आड लपलेला. पहिल्या दोन वेळा सगळ्याच फुल्या असत्या (तेव्हा खडू वापरतच नव्हतो, आता अंदाजाने सांगतोय) आणि तिसऱ्या वेळी जाड दोरी वापरूनही सैल झालं तेव्हा आमच्या क्लबमधले एक नूकचे (ग्रीनलँडच्या राजधानीचे) आजोबा तिथे उभे होते. ते फार बोलत नाहीत. त्यांनी दोन्ही तळवे दोन्ही काठपट्ट्यांवर ठेवले, सांगाडा हलकेच दाबला, आणि एवढंच विचारलं, या दोन्ही एकाच फळीतून काढल्यास का? नव्हत्या. एक फळी मला कमी पडली होती म्हणून दुसरी दुसऱ्या दुकानातून आणली होती, दिसायला सारखीच, त्याच जातीचं लाकूड, त्याच जाडीचं. मग त्यांनीच टिचकी मारायला शिकवलं. फुल्या मारल्या आणि ६६ पैकी १९ फुल्या आल्या, त्यातल्या १६ उजव्या बगलपट्टीवर.

पीळ बघायची पद्धत साधी आहे. दोन सरळ काठ्या घ्या, एक पुढच्या तुळईजवळ काठपट्ट्यांवर आडवी ठेवा, एक मागे. एका टोकाला उकिडवं बसून एक डोळा मिटून मागच्या काठीच्या धारेवरून पुढची काठी बघा. दोन्ही धारा समांतर दिसल्या तर सांगाडा सरळ. माझी पुढची काठी उजव्या टोकाला ९ मिलिमीटर वर होती. एक काठपट्टी ताठ आणि दुसरी लवचिक असली की दोन्ही वाकवून टोकं जोडताना ताठवाली कमी वाकते, दुसरी जास्त, आणि तो फरक पूर्ण सांगाड्यात पीळ होऊन उतरतो. एका बाजूची पट्टी फासळ्यांवर दाबली जाते, दुसऱ्या बाजूची त्यांच्यापासून दूर ओढली जाते, आणि त्या बाजूच्या दोऱ्या दिवसरात्र ते ओढणं सहन करत हळूहळू ताणत राहतात. ६६ दोऱ्यांनी ५ मीटर लाकडाचा पीळ धरून ठेवावा अशी अपेक्षाच चुकीची आहे, दोरी दोन लाकडांना एकत्र ठेवते, वाकड्याला सरळ करत नाही.

हे टाळायचं असेल तर काठपट्ट्या एकाच फळीतून काढा, फळी उभी चिरून दोन्ही भाग पुस्तकाच्या पानांसारखे समोरासमोर येतील अशा. तरीही वाकवायच्या आधी तपासा, पट्टीची दोन्ही टोकं टेबलांवर टेकवा, मधोमध २ किलोची पिशवी टांगा, किती लवली मोजा, मग दुसरी. दोन्हींत फार फरक असेल तर जी ताठ आहे तिला आतल्या बाजूने रंधा मारून हलकं करा आणि परत मोजा. अर्धा तास लागतो.

आणि माझ्यासारखं आधीच सगळं बांधून बसला असाल तर उपाय कष्टाचा आहे पण होतो. सगळ्या बांधण्या सोडल्या, हो सगळ्या, फक्त सैल झालेल्या नाही, कारण घट्ट असलेल्या दोऱ्याच पीळ धरून ठेवत असतात. डाव्या काठपट्टीला, ती ताठ निघाली, फासळ्यांच्या खाचा सोडून आतल्या बाजूने रंध्याने दीड मिलिमीटर उतरवलं. मग कर्णात, म्हणजे पुढच्या उजव्या कोपऱ्यापासून मागच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत, दोरी दुहेरी बांधून मधे काठी घातली आणि पीळ देत देत सांगाडा उलट्या बाजूला थोडा जास्तच वळवून चार दिवस ठेवला. सोडल्यावर ९ चा २ मिलिमीटर झाला. २ चालतो. मग पट्ट्या परत लावल्या, यावेळी मधल्या फासळीपासून सुरुवात करून एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, एकदा पुढे एकदा मागे असं बांधत गेलो, आधी मी एक अख्खी बाजू संपवून मग दुसरी घेत होतो, ते करू नका.

टोकांकडच्या फुल्यांचं कारण सरळ आहे. बगलपट्टी पुढे मागे निमुळत्या भागात जाते तिथे ती वळायला नको म्हणते, आपण दोरीने ओढून बसवतो, आणि ती स्प्रिंगसारखी बाहेर ढकलत राहते. पट्टी दोरीशिवाय नुसत्या हाताच्या दाबाने फासळीला टेकली पाहिजे. टेकत नसेल तर टोकाकडचा भाग रंध्याने बारीक करा किंवा फासळीच बदला, तिचा बाक चुकलाय.

आता बांधणीबद्दल, कारण चौथा प्रकार तिथेच येतो. पट्टीच्या बाहेरच्या अंगावरून दोरी घेऊ नका, ती कातड्याच्या आणि लाकडाच्या मधे येते आणि कयाक वाळूवर ओढला की तिथेच घासते. पट्टीत आरपार भोक पाडून त्यातून दोरी घ्यायची, भोक साधारण मधोमध, फासळीकडच्या धारेला फार चिकटून पाडलं तर दोरी लाकूड फाडून बाहेर येते. भोकाच्या आणि फासळीच्या कडा कानशीने मारून गोल करा, धारदार कडेवर दोरी आज ताठ वाटते पण कड चेपली की ताण गेला. चार ते पाच वेढे. आणि मग जे बहुतेक जण करत नाहीत ते, फासळी आणि पट्टीच्या कोपऱ्यात वेढ्यांचा जो जुडगा उभा राहतो त्यालाच आडवे दोन-तीन वेढे मारून, कंबरपट्टा आवळावा तसं आवळायचं. सगळी ताकद त्या आडव्या वेढ्यात आहे. ताणलेली दोरी मधोमध दाबली की थोड्याशा ओढीत खूप ताण येतो, बाजेची पायथ्याची दोरी ओढली की अख्खी बाज कशी ताठ होते तसं. मी आडवे वेढे ओढताना दोरी एका छोट्या लाकडी दांडक्याला गुंडाळून दोन्ही हातांनी ओढतो, आणि ओढताना अंगठ्याने मागचा वेढा दाबून धरतो, अंगठा उचलला की तेवढी ढील परत जाते. ऐका नीट, दोरीवरचं मेण किर्र किर्र वाजतं आणि एका क्षणी वाजायचं थांबतं. तिथे गाठ.

दोरी कोणती हा वाद फार होतो. नायलॉन पाणी पितो आणि ओला झाला की लांबतो, म्हणून मी मेण लावलेली पॉलिएस्टरची दोरी वापरतो. जुन्या काळी सीलच्या कातड्याची वादी, प्राण्यांच्या कंडरांची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट तंतूंची) दोरी, व्हेलच्या तोंडातल्या पट्ट्या, हे सगळं वापरायचे. ओली वादी बांधली की सुकताना आवळत जाते. पखवाजाच्या वाद्या आठवा, आणि पावसाळ्यात ढोलकी उतरते तेही आठवा, कातडं ओलं झालं की ढिलं पडतं, म्हणून त्याचेही लाड करावेच लागायचे. एकच लांब दोरी सगळ्या फासळ्यांवरून नेत बांधायची पद्धतही आहे, पटकन होतं, पण एका ठिकाणी तुटली की शेजारच्याही ढिल्या होतात आणि कुठली ढिली आहे ते शोधणं अवघड. माझं मत, पहिला कयाक असेल तर प्रत्येक सांधा वेगळा बांधा.

काठपट्टी चिरण्याबद्दलही लिहायला हवं कारण फासळी खाचेत सैल झाली की लोक पाचर मारतात आणि पट्टी उभी तडकते. खाच लांबट असते, पट्टीच्या लांबीच्या दिशेने. पाचर जर खाचेच्या दोन लांब भिंतींना ढकलत असेल तर ती लाकूड रेषांमधून फाडतेय, कुऱ्हाडीने सरपण फोडतो तसंच. पाचर मारायचीच तर अशी मारा की ती खाचेच्या दोन आखूड टोकांना दाबेल, तिथे लाकडाच्या रेषा समोरून भिडतात, तिथे ते दाब सहन करतं. तुळयांच्या खुंट्यांचंही तेच, दोन खुंट्या असतील तर त्या एकाच रेषेवर पाडू नका, एक थोडी वर एक थोडी खाली, म्हणजे चीर एका भोकातून दुसऱ्यात धावत नाही. खुंट्या बाजारातल्या गोल दांड्याच्या घेतल्या तर त्यात रेषा तिरक्या गेलेल्या असतात आणि त्या बरोबर तिथेच मोडतात. सरळ रेषांचं सुकं लाकूड कोयत्याने फाडून, चाकूने तासून केलेली खुंटी चांगली. चीर पडलीच असेल तर तिच्यात पातळ इपॉक्सी गोंद सोडा, शिकंजा लावा, आणि वाळल्यावर वरून दोरीचे दाट वेढे. अख्ख्या सांगाड्यात एवढ्याच ठिकाणी मी इपॉक्सीला हो म्हणतो.

कारण सैल सांध्यांवर इपॉक्सी ओतून टाकायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही तिसऱ्या वेळेला झाला होता, डबा आणून ठेवला होता. करू नका. चिकटलेला सांधा हलत नाही, मग लाटेवर वाकायचं काम त्याच्या शेजारच्या लाकडावर येतं आणि पातळ फासळी बरोबर चिकटलेल्या जागेच्या कडेला मोडते. अल्यूशियन बेटांवरच्या उनांगन लोकांनी तर तळपट्टीच एकसंध न ठेवता तुकड्यांत केली होती आणि सांध्यांमध्ये हाडाचे तुकडे बसवले होते, म्हणजे लाकूड लाकडावर घासून झिजणार नाही आणि बोट लाटेबरोबर वाकत राहील. ज्या लोकांचं पोट या बोटीवर होतं त्यांनी हलणाऱ्या सांध्यावर इतकी मेहनत घेतली, ते उगीच नाही.

फासळ्या वाकवताना मोडतात त्याबद्दल थोडक्यातच. भट्टीत सुकवलेलं लाकूड घेऊ नका, ते भिजवलं तरी नीट वाकत नाही, हवेवर सुकलेलं किंवा ताजं घ्या. रेषा फासळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटता गेल्या पाहिजेत, कडेने बाहेर पडत असतील तर बरोबर तिथेच मोडणार. ७ मिलिमीटरला चांगल्या जोरात वाफ असेल तर १० ते १५ मिनिटं पुरे, आणि बाहेर काढल्यावर बोलत बसू नका, काही सेकंदांतच ती कडक व्हायला लागते.

शेवटचं, "कातडं चढवलं की सगळं आपोआप आवळलं जाईल" हे जे सांगतात त्याबद्दल. अर्धं खरं आहे. नायलॉनचं कापड शिवून गरम पाण्याने आकसवलं की ते पट्ट्यांना फासळ्यांवर दाबतं आणि सांगाडा एकदम ताठ होतो, हे मी क्लबच्या दुसऱ्या कयाकवर हात लावून बघितलंय. पण आत सैल असलेला सांधा सैलच राहतो, फक्त दिसत नाही, आणि पाण्यात प्रत्येक लाटेला तिथे लाकूड लाकडावर घासत राहतं. नंतर बसायच्या भोकातून हात घालून फार तर पाच-सहा फासळ्यांपर्यंत पोचता येतं, तेही मान वाकडी करून, टॉर्च दातात धरून. बाकीच्यांसाठी कापड फाडावं लागतं. म्हणून शिवायच्या आधल्या आठवड्यात एकदा टिचकी, एकदा काठ्यांनी पीळ, आणि एकदा दोन माणसांनी दोन टोकं धरून सांगाडा कानाशी नेऊन हलकेच पिळून बघणं, कुठे कुई वाजतं का.

माझा सांगाडा चौथ्यांदा बांधून आता नऊ आठवडे झाले. परवा सकाळी ६६ च्या ६६ वाजवून बघितल्या, दोन थप्प निघाल्या, दोन्ही मागच्या टोकाच्या डाव्या पट्टीवर. तिथे पट्टी हाताने टेकत नव्हती, मी घाईत दोरीने ओढून बसवली होती. सोडली, रंध्याचे चार हात मारले, परत बांधली. पुढच्या शनिवारी परत वाजवणार आणि सगळ्या टुण्ण आल्या तर त्याच दुपारी कापड अंथरतो.